पावती फाडायच्या आधी

मागच्या जूनमधे एका रविवारी सकाळी फोन आला. पलीकडं एका छोट्या संस्थेचे अध्यक्ष, रिटायर्ड मुख्याध्यापक, मी त्यांना सरच म्हणते. म्हणाले, बाई, आमच्यात भांडणं लागलीत, तुम्ही एकदा येऊन बसा. मी विचारलं कशावरून, तर म्हणाले पाच लाखावरून. मला वाटलं गेले की काय कुठं. तर म्हणाले, नाही ओ, यायलेत, म्हणून तर भांडण.

संस्था सोलापूरच्या पूर्व भागातली. नाव मुद्दाम लिहीत नाही. विडी कामगार बायकांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतात, साठ-सत्तर पोरं येतात, दोन शिक्षिका, एक आया, स्वतःच्या दोन खोल्या आणि वर पत्रा. पावसात पत्रा गळतो आणि उन्हाळ्यात, सोलापूरचा उन्हाळा काय सांगायचा, पोरं भिंतीला पाठ लावत नाहीत. सात विश्वस्त. तर विडीला तंबाखू पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं निरोप पाठवला होता की पाच लाख देतो, पत्रा काढा, स्लॅब टाका, आणि दारावर माझ्या वडिलांचं नाव लावा.

आता मी काय करते ते थोडक्यात सांगते, कारण नातेवाईकसुद्धा विचारतात की ऑडिट सोडून तू नक्की करतेस काय. वीस वर्षं एका सीएंच्या ऑफिसात मी ट्रस्टची कामं बघितली. अभ्यासिका, वसतिगृह, देवस्थान, वाचनालय, बालवाडी, सगळ्यांच्या वह्या हाताखालून गेल्या. वहीत आकडा दिसतो पण त्या आकड्यामागं जे झालेलं असतं ते दिसत नाही. एका संस्थेत खजिनदार राजीनामा देतो, दुसऱ्या संस्थेत बदल अर्जावर हरकत येते आणि वर्षानुवर्षं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तारखा पडत राहतात, आणि मुळाशी जाऊन बघितलं तर कुणीतरी कुणाला तरी एका मीटिंगमधे म्हटलेलं असतं की तुमच्या बापाचा पैसा आहे का. तेवढंच. म्हणून पाच वर्षांपूर्वी मी ठरवलं की वह्या दुसरे लोक बघतील, आपण त्या वहीच्या आधीचं जे असतं तिथं जाऊन बसायचं. विश्वस्तांना एकत्र बसवायचं आणि पैशाबद्दल बोलायला लावायचं. हिशेबाबद्दल ते बोलतातच, पैशाबद्दल बोलत नाहीत.

कायदा यात फार मदत करत नाही. कायदा हवाच, मी कायम सांगते की १९५० चा आपला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा प्रत्येक विश्वस्तानं एकदा तरी वाचावा. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी, कर्ज काढायचं तरी परवानगी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, हे सगळं त्यात आहे. आयकराचे नियम आहेत, वर्षाच्या उत्पन्नातलं ८५ टक्के उद्दिष्टावर खर्च व्हायला पाहिजे, देणगीदाराला सूट हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख चालत नाही. पण तंबाखूवाल्याचे पाच लाख घ्यावेत का, याचं उत्तर कुठल्या कलमात नाही. चेकनं दिले, पॅन नंबर दिला, विषय संपला, कायद्याच्या बाजूनं बघितलं तर शंभर टक्के स्वच्छ पैसा. मग सात शहाणी माणसं तीन महिने एकमेकांशी धड बोलत का नाहीत?

मी सरांना सांगितलं, दोन रविवार द्या, पहिल्या रविवारी पाच लाखाचं नावही काढायचं नाही. सर नाराज झाले. पण तयार झाले.

पहिल्या रविवारी अभ्यासिकेतच सतरंजीवर बसलो. खुर्च्या मी मुद्दाम काढायला लावते, खुर्च्या असल्या की अध्यक्षांची खुर्ची लगेच वेगळी दिसते. डॉक्टर मॅडमनी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, ती मधे ठेवली. मी फक्त दोनच प्रश्न विचारते. लहानपणी घरात पैशाबद्दल काय बोललं जायचं. आणि दुसरा, तुम्ही कुणाची मदत घेतली होती तेव्हा कसं वाटलं होतं. दुसरा प्रश्न विचारला की दर वेळी शांतता पसरते. दिलं कसं हे सगळे पटापट सांगतात. घेतलं कसं, हे विचारणारं आजवर कुणी भेटलेलंच नसतं.

शांतता फारच लांबली की मी आधी माझं सांगते. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत. त्या वर्षी एका मंडळानं गरजू मुलांना वह्या वाटप ठेवलं होतं, स्टेज, हार, लाऊडस्पीकर, आणि एकेकाचं नाव घेऊन वर बोलवायचे, नावाच्या आधी म्हणायचे की हिचे वडील बेकार झालेत. बारा वह्या होत्या. माझ्या वर्गातल्या मुली खाली बसलेल्या. त्या वह्या मी वर्षभर वापरल्या पण कव्हर घालून, कारण कव्हरवर त्या मंडळाचं नाव छापलेलं होतं. त्याच वर्षी आमच्या चाळीतल्या एका काकूंनी माझी ट्यूशनची फी तीन महिने परस्पर भरली, आईला नंतर कळलं, आई भांडायला गेली तर काकू म्हणाल्या, अगं मला तुझ्याकडून शेंगापोळ्या करून घ्यायच्यात दिवाळीत, तेव्हा फिटेल. आईनं केल्या. फिटलं. दोन्ही मदतीच होत्या, रक्कमही साधारण तेवढीच असेल, पण एकीनं मला मिंधं केलं आणि दुसरीनं नाही, आणि चाळीस वर्षं होत आली तरी मला त्या स्टेजच्या पायऱ्या आठवतात.

मिंधेपणा. माझं सगळं काम या एका शब्दाभोवती फिरतं असं मला हळूहळू कळलंय. कुठल्याही विश्वस्त मंडळात बसा, पैशावरून जो वाद चाललेला असतो त्याच्या तळाशी कुणाचा ना कुणाचा मिंधेपणा असतो, कधीतरी आलेला, किंवा येईल म्हणून भीती वाटणारा. आणि ज्याला स्वतःचा आठवत नाही तो दुसऱ्याला सहज मिंधं करून टाकतो, त्याला कळतही नाही.

तर त्या दिवशी सगळे बोलले. सर म्हणाले की ते वसतिगृहात राहून शिकले, मूठमूठ धान्यावर, आणि म्हणून त्यांना संस्थेचा प्रत्येक पैसा पवित्र वाटतो. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांची ती गोष्ट सांगितली, साताऱ्याला १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा कुणीतरी मोठी रक्कम देतो म्हणाला पण कॉलेजचं नाव बदला म्हणून, आणि अण्णांनी ती साफ नाकारली. सांगताना सरांचा आवाज भरून आला होता. मला तेव्हा कळलं की पाच लाखाला नाही म्हणताना सरांच्या डोक्यात तंबाखू अर्धीच आहे, उरलेल्या अर्ध्यात दारावरचं नाव आहे.

खजिनदार शेठ कापड लाइनीतले, टॉवेल-चादरीचा जुना धंदा. ते म्हणाले, आमच्या घरी लग्नात आहेराची वही असायची, कुणी किती दिलं ते आजी लिहून ठेवायची आणि त्यांच्याकडं कार्य निघालं की वही उघडून तेवढंच, किंवा थोडं चढवून परत करायचं, कमी कधीच नाही. आजी म्हणायची वही कोरी असली की झोप लागते. हे ऐकून वकीलसाहेब एकदम म्हणाले, म्हणजे तुम्ही देणगी घेतानासुद्धा मनात ती वही उघडता की काय? शेठ विचार करून म्हणाले, हो. उघडतो. आणि म्हणूनच मला वाटतं की त्या माणसाला नाव हवंय तर देऊन टाकावं, मग आपलं त्याच्याकडं काही राहत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. तीन महिने बाकीचे समजत होते की शेठना फक्त स्लॅबची घाई झालीये. आणि शेठ तर संस्थेला मिंधेपणातून सोडवायला बघत होते, त्यांच्या आजीच्या पद्धतीनं.

चाचा म्हणजे आमच्यातले सगळ्यात वयस्कर, बेकरी होती त्यांची. ते दरवर्षी रमजानमधे संस्थेला काही रक्कम देतात. ते म्हणाले, वो मेरा पैसा नहीं है, ती जकात आहे, साठवलेल्या पैशातले अडीच टक्के गरिबाचे असतातच, मी फक्त पोचवतो, मग मी दिलं असं कसं म्हणू? आणि मग थोडं थांबून म्हणाले, एक विचारू का, मागच्या साली ते पैसे भिंत रंगवायला गेले काय? सगळे गप्प. गेले होते. चाचांच्या मते ते गरजू पोराच्या हातात पडायला पाहिजे होते, वही-पुस्तक-फी असं, भिंतीला नाही. चार वर्षं ते देत होते आणि कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, पावतीवर नुसतं देणगी लिहिलेलं. त्या दिवशी लगेच ठरलं की पावतीवर कशासाठी हे लिहायचं आणि तो पैसा वेगळ्या खात्यात दाखवायचा. बघा, वीस वर्षं ऑडिट करून मी जे पकडलं नसतं ते अशा एका वाक्यात बाहेर येतं.

डॉक्टर मॅडम माढ्याकडच्या. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा त्यांच्या भावाच्या घरात पाणी होतं. त्या म्हणाल्या, मदत खूप आली, लोक मनापासून आले, नाव ठेवत नाही, पण वहिनीला किट देताना फोटो काढला, तिला पदर नीट करायला सांगितलं आणि परत काढला. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. मग मॅडम म्हणाल्या, आपण पोरांना दप्तरं देतो तेव्हा ग्रुपवर किती फोटो टाकतो?

कुणी काही बोललं नाही यावर.

अक्का शेवटी बोलल्या. अक्का या मंडळावर येऊन दोनच वर्षं झाली, स्वतः तीस वर्षं विड्या वळल्या, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आता गुडघे गेलेत म्हणून काम बंद. मीटिंगमधे त्या फार बोलत नाहीत, सही करतात. त्या म्हणाल्या, मी मदत कधी घेतली नाही बाई, भिशी घेतली. पहिला नंबर लागला की पोराची फी, शेवटचा लागला की सोनं. भिशीत कोण देतं, कोण घेतं? सगळ्याच देतात, सगळ्याच घेतात.

मी घरी येऊन हे लिहून ठेवलं.

इथं थोडं विषयांतर करते. आपल्या सोलापुरात या गोष्टीला एक जुना शब्द आहे, आणि आपण तो फक्त गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी नाहीतर मठात जेवायला गेल्यावर आठवतो. कायक आणि दासोह. बाराव्या शतकातले बसवण्णांच्या परंपरेतले शब्द. कायक म्हणजे घाम गाळून मिळवणं, आणि दासोह म्हणजे त्यातलं समाजाला वाटणं, पण वाटणारा दास असतो, मोठा नसतो. दानात देणाऱ्याचा हात वर असतो, दासोहात देणाराच वाकतो. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी इथं तळं खोदून घेतलं, लिंगं स्थापली, लोकांचे हात लावून सगळं उभं केलं. आणि परंपरेत अशी कथा आहे की बसवण्णांच्याच काळातले संत अल्लमप्रभू इथं आले आणि त्यांनी चालू कामावर येऊन विचारलं, तुमचा तो वड्डर सिद्धराम कुठाय, म्हणजे माती खणणारा. लोक चिडले. पण अल्लमप्रभूंना सांगायचं होतं की एवढं चांगलं काम करतोयस, त्या कामातच अडकू नकोस, तळं माझं, देऊळ माझं असं होऊ देऊ नकोस. ज्या गावाचं ग्रामदैवतच अशी टोचणी ऐकून घेणारं आहे त्या गावात भिंतीभिंतीवर, पंख्याच्या पात्यावर, स्मशानातल्या बाकड्यावर सप्रेम भेट लिहिलेलं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती सरळ डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एवढी वास्तू, आणि हात झटकून मोकळे.

असो. दुसरा रविवार.

दुसऱ्या रविवारी मी चिठ्ठ्या करते. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रसंग, आणि प्रत्येकानं न बोलता हो किंवा नाही लिहायचं. कुणीतरी पन्नास हजार देतो पण पावती नको म्हणतो. कुणी म्हणतो देतो पण माझ्या भाचीला शिक्षिका म्हणून घ्या. निवडणुकीच्या दोन महिने आधी कुणी संगणक देतो, वाटप त्याच्या हस्ते. कुणी सावकारी करतो असं गावाला माहिती आहे, तो पोरांना वर्षभर दूध देतो. गुप्तदानाच्या चिठ्ठीवर सगळ्यांनी भाबडेपणानं हो लिहिलं होतं, तेव्हा सांगावं लागलं की नाव-पत्ता नसलेली देणगी ठराविक मर्यादेच्या वर गेली तर धर्मादाय संस्थेला त्यावर ३० टक्के कर लागतो, गुप्त म्हणजे भिंतीवर नाव नको, वहीत पाहिजेच. बाकी चिठ्ठ्यांवर मात्र सात जणांची सात उत्तरं. दुधाच्या चिठ्ठीवर तर डॉक्टर मॅडम आणि सर, एरवी कायम एका बाजूला असणारे, समोरासमोर आले. मॅडम म्हणाल्या, दूध पोराच्या पोटात जातंय, सावकाराचं पाप त्यात उतरत नाही. सर म्हणाले, पोराच्या बापानं त्याच सावकाराकडून घेतलेलं असेल तर?

मग शेवटची चिठ्ठी, पाच लाखाची. सर लगेच म्हणाले, माझं मत सगळ्यांना माहितीये, तंबाखूचा पैसा शिक्षणाच्या कामाला लावायचा नाही, ज्या धंद्यानं या पोरांच्या आयांच्या छातीचं वाटोळं केलं त्याच धंद्याचं नाव दारावर? आणि सरांचं बोलणं मला पटत होतं, अगदी मनापासून पटत होतं.

अक्का म्हणाल्या, सर, मग मी तीस वर्षं घरी काय आणलं?

सर म्हणाले, तसं नाही अक्का, तुमची मेहनत वेगळी.

अक्का म्हणाल्या, पान तेच, तंबाखू तीच, सूप माझ्या मांडीवर. माझ्या पोराची दहावी त्याच पैशात झाली. आणि इथं पोरं महिन्याला वीस रुपये फी आणतात, ती कुठून येते? ती पण तंबाखूचीच की. ती घेता, शेठ रजिस्टरला लिहितात. ती परत करणार काय?

मला वाटतं दोन-तीन मिनिटं तरी कुणीच बोललं नसेल. बाहेर पाऊस चालू होता आणि कोपऱ्यात बादलीत थेंब पडत होते. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मी हा विचार केला नव्हता.

या ठिकाणी बऱ्याच मंडळांत गडबड होते, म्हणजे आता एक बाजू जिंकली असं समजून लगेच ठराव लिहायला घेतात. मी थांबवलं. कारण अक्कांनी पैसे घ्याच असं म्हटलेलं नव्हतं, पैसा कुठून आला एवढ्यावर नाही म्हणू नका, इतकंच त्या म्हणाल्या होत्या. मग वकीलसाहेबांनी जो प्रश्न काढला तो मी आता सगळीकडं वापरते. ते म्हणाले, आपण इथं बायकांचे पीएफचे फॉर्म भरून देतो, कारखान्यात विड्या छाट केल्या, नाकारल्या, तर कधी अर्जही लिहून देतो. हा माणूस कारखानदारांत ऊठबस असणारा. दारावर त्याच्या वडिलांचं नाव असताना त्याच दारातून तो अर्ज बाहेर पडेल का? लिहिताना आपला हात थांबेल का? मला खरं सांगा.

शेठ म्हणाले, माझा थांबेल. चाचा म्हणाले, मेरा भी.

म्हणजे मुद्दा तंबाखूचा नव्हताच, किंवा होता पण दुसऱ्या जागी होता. पैसा कुठून आला यापेक्षा तो आल्यावर आपण कुणाशी खरं बोलायचं बंद करू, हे तपासायला पाहिजे होतं. आणि ते तपासायला आधी एकमेकांच्या आज्या, वहिन्या, भिश्या माहिती पाहिजेत, नाहीतर शेठ असं कधी कबूल करतील सगळ्यांसमोर?

मग असं ठरलं की पोरांच्या आयांना विचारायचं. गंमत म्हणजे नऊ वर्षांत पहिल्यांदा. एका गुरुवारी संध्याकाळी चाळीसेक बायका आल्या, काही जणी सुपासकट, हात चालूच. एकमत वगैरे काही झालं नाही. काही म्हणाल्या, लावा की नाव, नावानं काय होतं, पोरगी भिजते त्याचं बघा. एक जण म्हणाली, इथं आमचं नाव कुठं लावलंय का, मग त्याचंच का. एक म्हातारी म्हणाली, कुंभारीला गोदूताई परुळेकर नगरात विडी कामगारांची दहा हजार घरं झाली तेव्हा आम्ही आमचा हिस्सा भरला म्हणून घर आमचं वाटतं, हे बी आमचं वाटू द्या. त्यावर बऱ्याच माना हलल्या.

सरांनी पत्र लिहिलं, मी वाचलंय, फार चांगलं पत्र होतं, कुठंही टोमणा नाही. तुमची मदत आनंदानं घेऊ, पावती देऊ, वार्षिक अहवालात इतरांबरोबर नाव छापू, दारावर कुणाचंच नाव लावत नाही. उत्तर आलं नाही. पुढं दसऱ्याच्या सुमाराला कळलं की त्यांनी ती रक्कम दुसऱ्या एका ठिकाणी दिली, तिथं नावाची पाटी लागली. त्यांचा हक्क आहे, त्यात मला काही वाईट दिसत नाही. पत्रा मात्र अजून पत्राच आहे. हे मी लपवणार नाही, कारण असं काम सांगताना लोक शेवटी सगळं चांगलं झालं असं सांगतात. डॉक्टर मॅडमना अजून वाटतं आपण चुकलो. कदाचित चुकलोही असू. पण त्या मीटिंगला येतात, भांडतात, आणि चहा घेऊन जातात, आधी तीन महिने त्या आल्याच नव्हत्या.

यातून दुसरा एक विषय निघाला तो एफडीचा. संस्थेची दोन लाख ऐंशी हजारांची एफडी आहे आणि ती कधीही मोडायची नाही हा जणू धर्म होता. मी त्यांना गांधीजींचा अनुभव सांगितला. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस काढली तेव्हा ती लोकांच्या महिन्याच्या वर्गणीवर चालायची, नंतर तिच्या नावावर मिळकत झाली, भाडं यायला लागलं, आणि त्याच मिळकतीवरून आपापसात तंटे होऊन प्रकरण कोर्टात गेलं. बऱ्याच सार्वजनिक संस्था सांभाळून झाल्यावर गांधीजींचं मत झालं की संस्थेनं कायमच्या निधीवर जगू नये, लोकांना काम पटतंय तोवर लोक देतील, नाही पटलं तर संस्थेनं बंद व्हावं. वाचायला जबरदस्त वाटतं. पण मला ते पूर्ण मान्य नाही. २०२० च्या लॉकडाऊनमधे मी एक संस्था बघितली, चांगली मोठी एफडी, आणि आयाबाईंचा पगार पाच महिने बंद, कारण काय तर वर्ग बंद आहेत आणि निधीला हात लावायचा नाही. आणि एफडी नसलेल्या एका संस्थेनं वर्गणी काढून पगार दिला. म्हणजे निधी असण्यानसण्यापेक्षा तो कुणासाठी ठेवलाय हे ठरवलेलं पाहिजे. माझ्या मते सहा महिन्यांचे पगार निघतील एवढं बाजूला असावं, आणि ते पगारासाठीच आहे असं ठरावात लिहिलेलं असावं. बाकी मग लोकांच्या दारात जावंच.

लोकांच्या दारात जायचं म्हटलं की विश्वस्तांना घाम फुटतो. लगेच कुणीतरी म्हणतं सीएसआर बघू, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा पैसा, चिंचोळीच्या एमआयडीसीत एवढ्या कंपन्या आहेत. तर नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीतरी असलेल्या कंपनीलाच नफ्यातले ते २ टक्के बंधनकारक असतात, आपल्याकडचे बहुतेक कारखाने त्यात बसत नाहीत. सीएसआर म्हणणं हा पुष्कळदा न मागण्याचा मार्ग असतो. मी विचारलं, तुम्ही सातजण स्वतः किती देता? अमेरिकेत बऱ्याच संस्थांत असा रिवाज आहे की बोर्डावरच्या प्रत्येकानं दरवर्षी स्वतःच्या खिशातून काहीतरी द्यायचंच. आपल्याकडं आपण वेळ देतो, ओळखी देतो, आणि तो वेळ मोलाचा आहेच, पण जो स्वतः त्या पावतीवर नाव घालत नाही त्याला दुसऱ्याकडं पावतीपुस्तक घेऊन जाताना जड जातं. वकीलसाहेब म्हणाले मग प्रत्येकी पाच हजार ठरवू. मी नको म्हटलं. अक्कांकडं बघितलंही नाही, पण नको म्हटलं. आकडा ठरवला की परत स्टेज आला.

शेवटी भिशीच्या पद्धतीवर गेलं. दर महिन्याला जमेल ते, पाकिटात, रक्कम फक्त शेठना माहिती, पावती प्रत्येकाला. आणि आयांनाही सांगितलं, ज्यांना वाटेल त्यांनी, पोरांच्या फीबरोबर मिसळायचं नाही. नवीन पावतीपुस्तक छापून आणलं, त्यात कशासाठी असा रकाना आहे. पहिली पावती अक्कांची, तीस रुपये, कशासाठी पुढं त्यांनी शेठना लिहायला सांगितलं, पत्रा. सरांनी खाली सही केली. डिसेंबरपर्यंत अडतीस हजार जमले, गळकी बाजू बदलून झाली, उरलेली बाजू या उन्हाळ्यात बघू म्हणतायत. दप्तरं वाटताना फोटो बंद केलेत. एका जुन्या देणगीदारानं विचारलं फोटो का नाही आला, तर मॅडमनी त्यांना सरळ अभ्यासिकेत बोलावलं, ते आले, तासभर बसले, एका पोराला लसावि शिकवून गेले.

पुढच्या महिन्यात परत बसायचंय. विषय शिक्षिकांचा पगार. दोघींना महिन्याला साडेचार हजार मिळतात आणि सहा वर्षांत वाढलेले नाहीत, आणि मागच्या वेळी हा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं की त्या सेवाभावानं करतात. मी त्या दोघींनाही मीटिंगला बोलवा असं सुचवलंय. सर म्हणाले विचार करतो. अजून फोन आलेला नाही.